मागणी क्रमांक १

फेब्रुवारीतली सकाळ. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर मेटगुताडच्या अंगाला एका स्ट्रॉबेरीच्या शेताच्या बांधावर मी उभी होते. ऊन अजून डोंगराआड होतं. गादीवाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरवर दहिवर साचलं होतं आणि त्यावर लाल फळं टेकली होती. सरीतून पाच-सहा बायका ओणव्यानं पुढं सरकत होत्या. त्यांच्यातल्या एका मावशींनी मला तोडणी शिकवली. अंगठ्याच्या नखानं देठ खुडायचा, थोडा देठ फळाला ठेवायचा आणि त्याच देठाला धरून फळ पाटीत ठेवायचं.

“फळाला हात नाय लावायचा ताई, देठाला लावायचा. दाबलं की ममईपतुर टिकत नाय.”

मी दहा फळं तोडली. त्यातली चार मावशींनी मुकाट्यानं बाजूला काढली.

बोलता बोलता विषय अर्थसंकल्पावर गेला. टीव्हीवर त्यांनी ऐकलं होतं की शेतीला एवढे लाख कोटी मिळाले. त्यांनी कंबर सरळ केली आणि विचारलं, “पैसा दिला म्हनत्यात. पर तो खरंच हितवर येतो का, ह्ये सरकारला इचारनारं कोन असतं का?”

असतं. ते कोण, कुठं बसतं आणि कसं विचारतं हे मला आधी माहीत होतं, पण त्या वाफ्यांमध्ये उभं राहून सांगायला लागले तेव्हा त्यातलं नवल पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी मावशींना अर्धवटच सांगता आलं. उरलेलं इथं सांगते.

सुरुवात एका शब्दापासून करायला हवी. आपल्याकडे मागणी शेतकऱ्याची असते. भाव मागायचा, वीज मागायची, कर्जमाफी मागायची. संसदेत मात्र याच शब्दाची दिशा फिरते. तिथं मागणारं सरकार असतं. लोकसभेनं मंजुरी दिल्याशिवाय सरकारला तिजोरीतून रुपयाही काढता येत नाही. म्हणून दरवर्षी प्रत्येक खातं आपल्याला किती पैसे लागतील त्याचा कागद सभागृहापुढं ठेवतं. त्या कागदाचं नाव ‘अनुदानाची मागणी’. अशा शंभरावर मागण्या असतात आणि त्यांना क्रमांक असतात. क्रमांक १ कृषी व शेतकरी कल्याण विभागाचा. क्रमांक २ कृषी संशोधन व शिक्षण विभागाचा. मंत्रालयांची यादी इंग्रजी अक्षरक्रमानं लागते म्हणून शेती पहिली आली आहे, कुणी मान दिला म्हणून नव्हे. तरी देशाच्या खर्चाची वही उघडली की पहिल्या पानावर शेती असते, हे मला आवडतं. २०२४-२५ साली या पहिल्या मागणीचा आकडा सुमारे १ लाख २२ हजार ५०० कोटी रुपये होता.

एवढी मोठी मागणी वाचायची कुणी? लोकसभेत ५४३ जण. चर्चेला दिवस मोजके. दरवर्षी चार-दोन मंत्रालयांच्या मागण्यांवर सभागृहात बोलणं होतं आणि उरलेल्या सगळ्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. संसदेच्या बोलीत त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. शेतीची मागणीसुद्धा कित्येकदा याच पात्याखालून जाते. मग ती न वाचताच मंजूर होते का? नाही. ती आधी एका बंद खोलीत वाचली जाते.

त्या खोलीत बसणाऱ्यांचं पूर्ण नाव ‘कृषी, पशुसंवर्धन व अन्नप्रक्रिया विषयक स्थायी समिती’. सदस्य ३१. त्यातले २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. लोकसभेतल्यांना लोकसभा अध्यक्ष नेमतात, राज्यसभेतल्यांना राज्यसभेचे सभापती. नावं पक्षांकडून येतात, आणि ज्या पक्षाचं सभागृहात जेवढं बळ तेवढ्या त्याच्या जागा. मुदत एक वर्षाची. वर्ष सरलं की समिती नव्यानं बसते. मंत्र्याला तिथं जागा नाही. सदस्य असताना कुणी मंत्री झालाच, तर त्याच दिवसापासून त्याचं सदस्यत्व संपतं. ज्यांना जाब विचारायचा ते आणि विचारणारे एका बाकावर बसू नयेत, एवढा साधा हिशोब त्यामागं आहे.

समितीचा प्रमुख ३१ जणांतूनच लोकसभा अध्यक्ष निवडतात. संसदेत अशा खातेवार समित्या २४ आहेत. त्यातल्या १६ लोकसभा अध्यक्षांच्या छत्राखाली आहेत, ८ राज्यसभेच्या सभापतींच्या. कृषी समिती पहिल्या गटात मोडते. कुठल्या समितीचं अध्यक्षपद कुठल्या पक्षाला, हे संख्याबळ पाहून पक्षांच्या आपसातल्या बोलण्यांत ठरतं. त्यामुळे शेतीचा मंत्री एका पक्षाचा आणि शेतीच्या समितीचा अध्यक्ष समोरच्या पक्षाचा, असं पुष्कळदा घडतं. २००९ ते २०१४ या काळात कृषी खातं शरद पवारांकडे होतं, तेव्हा समितीचे अध्यक्ष मार्क्सवादी पक्षाचे, पश्चिम बंगालमधल्या बांकुऱ्याचे बासुदेव आचार्य होते. त्यांच्यानंतर बिहारच्या मधुबनीचे हुकूमदेव नारायण यादव आले. मग २०१९ पासून बागलकोटचे पी. सी. गद्दीगौडर. २०२४ मध्ये जालंधरचे खासदार, पंजाबचे माजी मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी या खुर्चीवर आले.

बागलकोटच्या नावाशी मी जरा थबकते. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात जी कृष्णा गोमुखातून पडते, ती वाईवरून, कराडवरून, सांगलीच्या घाटावरून पुढं कर्नाटकात जाते आणि आलमट्टीच्या धरणात थांबते. त्या धरणाच्या पाण्यात जुन्या बागलकोट शहराचा मोठा भाग गेला. पाच वर्षं देशाच्या शेतीवर प्रश्न विचारण्याच्या खुर्चीत बसलेला माणूस आपल्याच नदीकाठचा होता, आणि महाबळेश्वरात त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती. मलाही नव्हती.

या खुर्चीचे अधिकार किती? ऐकायला थोडे, प्रत्यक्षात बरेच. बैठक कधी घ्यायची, कुणाला बोलवायचं, कुठला विषय धरायचा, यात अध्यक्षाचा शब्द मोठा असतो. मतं समसमान पडली तर त्याचं निर्णायक मत. गणपूर्तीला साधारण एक तृतीयांश सदस्य हवेत. मतदानाची वेळ मात्र फार क्वचित येते, आणि या समित्यांची गंमत तिथंच आहे. इथं पक्षाचा व्हीप चालत नाही. पत्रकार नसतात, कॅमेरा नसतो. सभागृहात हातवारे करून एकमेकांवर तुटून पडणारे खासदार इथं शेजारी शेजारी बसून युरियावर, जनावरांच्या लसीवर, विम्याच्या हप्त्यावर बोलतात. बोलणं वर्तमानपत्रात येणार नसतं, म्हणून माणूस आपल्या गावचं खरं बोलतो. दार बंद असण्याबद्दल तक्रार करणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मला वाटतं, हे दार उघडलं तर आतलं हे बोलणं थांबेल.

समोर असतात खात्याचे सचिव आणि त्यांच्यामागं फायली घेतलेली अधिकाऱ्यांची रांग. समितीच्या भाषेत ते ‘साक्षीदार’. केंद्राच्या सचिवाला साक्षीदार म्हणायचं, याचं मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. साक्ष सुरू होण्याआधी अध्यक्ष त्यांना नियमाची आठवण करून देतात, की तुम्ही इथं जे सांगाल ते पुढं छापलं जाऊ शकतं. एखादी गोष्ट गुप्त ठेवा अशी तुमची इच्छा असली तर तसं सांगा, पण तरीही ती संसद सदस्यांना दाखवली जाऊ शकते. मग प्रश्न सुरू होतात. गेल्या वर्षी इतके दिले, त्यातले इतकेच का खर्चले? उरलेले परत का केले? पैसे संपले असतील तर ते पोचले कुणाला? लघुलेखक शब्द न् शब्द टिपून घेतात. बैठकीच्या छापील वृत्तान्तात शेवटी ठरलेली ओळ असते, की शब्दशः नोंद स्वतंत्र ठेवली आहे.

हे सगळं चालतं कधी? १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. त्यावर सर्वसाधारण चर्चा होते आणि मग संसद काही आठवडे सुट्टीवर जाते. टीव्हीवर आपल्याला रिकामं सभागृह दिसतं आणि वाटतं, हे लोक घरी गेले. ती सुट्टी नियमानंच या समित्यांसाठी ठेवलेली आहे. त्या आठवड्यांत समितीला मागण्या वाचायच्या असतात, साक्षी घ्यायच्या असतात आणि मार्चमध्ये संसद पुन्हा भरते तेव्हा अहवाल हातात द्यायचा असतो. नेमका हाच काळ महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीच्या भर हंगामाचा. मावशी वाफ्यात वाकलेल्या असतात त्याच सकाळी दिल्लीत कुणीतरी फलोत्पादनाच्या तरतुदीवर बोट ठेवून विचारत असतं, हा आकडा कमी का झाला?

आणि एक नव्हे, सहा अहवाल. कारण या एका समितीच्या पदरात बरंच काही आहे. कृषी विभाग, कृषी संशोधन, मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय, अन्नप्रक्रिया, आणि २०२१ मध्ये सहकार मंत्रालय निघालं तेव्हापासून सहकारही. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला ही यादी वाचून आपल्याच तालुक्याचा नकाशा पाहिल्यासारखं वाटावं. साखर कारखाना सहकारी, सोसायटी सहकारी, दूध संघ सहकारी, गोठ्यात म्हैस, डोंगरावर स्ट्रॉबेरी, पाचगणीत जॅम आणि क्रश. सारं एका टेबलावर.

महाबळेश्वरचं रोप या टेबलापर्यंत कसं पोचतं ते जवळून बघण्यासारखं आहे. इथली मातृरोपं परदेशातून येतात. कॅलिफोर्नियाचं नाव इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असतं, आणि स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा, नाभिला ही जातींची नावं तर खिल्लार-गावरान म्हणावं इतक्या सहजपणे घेतली जातात. परदेशातून रोप आणायचं तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणं परवाना लागतो आणि रोप निरोगी असल्याचा तिकडचा दाखला लागतो. तो आदेश केंद्रीय कृषी खात्याचा. मातृरोपांना धुमारे फुटतात, त्यांना सगळे ‘रनर’ म्हणतात; ते रोपवाटिकेत वाढवून पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफ्यांवर लावायचे. अवकाळी पाऊस आला की फुलं झडतात, फळं सडतात. राज्यात हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत स्ट्रॉबेरी प्रायोगिक म्हणून घेतली गेली; ती योजना केंद्र-राज्याची मिळून. मऊ पडलेलं फळ प्रक्रियेला जातं, तिथं अन्नप्रक्रिया मंत्रालय. आणि महाबळेश्वरातलं गहू गेरवा संशोधन केंद्र? १९४० पासून ते इथं आहे. गेरवा म्हणजे तांबेरा. थंड, दमट हवेत हा रोग चांगला फोफावतो, म्हणून गव्हाचे वाण तांबेऱ्याला टिकतात का हे पाहायला ही जागा उत्तम. केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, पण देशातल्या गहू संशोधनाला त्याची जोड. आणि अशा संशोधनाचा केंद्राकडून येणारा पैसा म्हणजे मागणी क्रमांक २.

पण शेतकऱ्याचं आयुष्य काही मंत्रालयांच्या कप्प्यांत बसत नाही. त्याच वाफ्याला लागणारं खत रसायने व खते मंत्रालयाचं, त्याची समिती वेगळी. निर्यात वाणिज्य मंत्रालयाची, समिती वेगळी. ठिबकमधून आलेलं पाणी ज्या नदीचं ती जलसंसाधन समितीकडे. आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्याचं बघणारी समिती चौथीच, तीही राज्यसभेकडची. एका स्ट्रॉबेरीला चार-पाच खोल्या लागतात. या व्यवस्थेतली ही उणीव मला खरोखर बोचते. शेतकऱ्याचा दिवस अखंड असतो. त्याचे प्रश्न मात्र तुकड्यातुकड्यांनी विचारले जातात.

मुळात शेती हा राज्यघटनेप्रमाणं राज्यांचा विषय. राज्यसूचीत ती १४ व्या नोंदीत आहे. तरी पैसा, संशोधन, आयात-निर्यात, हमीभाव या वाटांनी केंद्र शेतीत आलं आहे आणि म्हणून दिल्लीत ही समिती लागते. आपल्याकडे अशा समितीचा नमुना मावशींच्या अगदी ओळखीचा आहे. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि प्रत्येक जिल्हा परिषदेत विषय समित्या आल्या. त्यातली एक कृषी समिती. तिचा सचिव कृषी विकास अधिकारी. तिचा प्रमुख ‘कृषी सभापती’, हे पद गावागावात माहीत असतं, आणि बहुतेक जिल्ह्यांत कृषी व पशुसंवर्धन एकाच सभापतीकडे असतं. मी मावशींना म्हटलं, दिल्लीत देशाचा कृषी सभापती असतो असं समजा. त्यांना लगेच उमगलं. फरक एवढाच, की आपल्या सभापतीच्या समितीला काही योजनांचे निर्णय घेता येतात. दिल्लीतल्या समितीला एकही निर्णय घेता येत नाही.

तिला फक्त विचारता येतं आणि सांगता येतं. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. नियमांच्या भाषेत त्यांना ‘विचारपूर्वक दिलेला सल्ला’ म्हणायचं. खात्याच्या रोजच्या कारभारात तिनं बोट घालायचं नाही. मागणीत कपात करा असंही सुचवायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, मग हिचा उपयोग काय? मलाही तसंच वाटलं होतं, तिचे ‘कार्यवाही अहवाल’ पाहीपर्यंत.

समितीचा अहवाल आला की त्यातल्या प्रत्येक शिफारशीवर खात्यानं तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं असतं. शिफारशी ठळक अक्षरांत, क्रमांक घालून छापलेल्या. चुकून वगळली असं म्हणायला जागा नाही. उत्तरं आली की समिती ती पुन्हा वाचते आणि दुसरा अहवाल काढते. त्याची पाच प्रकरणं असतात, दरवेळी तीच. पहिल्यात समितीचं म्हणणं. दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पटलं म्हणून समितीनं सोडून दिलेल्या. चौथ्यात उत्तर पटलं नाही त्या. पाचव्यात ज्यांची अंतिम उत्तरं अजून यायची आहेत त्या. नंतर मंत्र्यानं सहा महिन्यांत सभागृहात उभं राहून शिफारशींचं काय झालं याचं निवेदन करायचं.

चौथं प्रकरण उघडावं आणि वाचत बसावं. आधी मूळ शिफारस. खाली खात्याचं उत्तर, सहसा गुळगुळीत. त्यावर समितीचा शेरा, की आम्ही विचारलं एक आणि तुम्ही सांगितलं दुसरं, पुन्हा सांगा. विचारणाऱ्यांच्या हाती दंडुका नाही. तरीही उत्तर कागदावर द्यावंच लागतं आणि ते कागद कायमचे राहतात. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर कुठल्या वर्षी कुणी काय विचारलं आणि सरकारनं कसं टाळलं, हे तिथं सापडेल. तलाठ्याच्या दारात उत्तरासाठी ताटकळलेल्या माणसाला यातली ताकद मी समजावून सांगायची गरज नाही.

ही व्यवस्था फार जुनी नाही. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाची कृषी समिती १८२० पासून आहे; तिचा अध्यक्ष नेहमी बहुमतवाल्या पक्षाचा, आणि शेतीचा मोठा कायदा ती स्वतः लिहिते. ब्रिटनच्या संसदेत खातेवार समित्या १९७९ साली आल्या, त्यात कृषीची होती. आपल्याकडे १९८९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोग म्हणून तीनच विषय समित्या नेमल्या गेल्या. पहिल्या तिघींत शेती होती. तेव्हा लोकसभा अध्यक्ष होते बलराम जाखड, स्वतः पंजाबातले शेतकरी. पुढं १९९३ च्या एप्रिलमध्ये सगळी मंत्रालयं कवेत घेणाऱ्या १७ समित्या उभ्या राहिल्या. त्या वेळी अध्यक्षांच्या खुर्चीत लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. एका मराठी माणसाच्या हातून आपल्या संसदेची ही घडी बसली, याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही, व्हायला हवा. तेव्हा एका समितीत ४५ जण असत. २००४ मध्ये समित्या २४ झाल्या आणि सदस्य ३१ वर आले. १९९३ चं आणखी एक चित्र मला लोभस वाटतं. कृषी समितीचे अध्यक्ष झाले नितीश कुमार, जे तीन वर्षांपूर्वी कृषी राज्यमंत्री होते. आणि तेव्हाचे कृषिमंत्री कोण? बलराम जाखड. ज्यांच्या काळात प्रश्न विचारणारी खोली बांधली गेली, त्यांच्याच खात्यावर आता त्या खोलीची नजर होती.

समिती दिल्लीबाहेरही पडते. २०१२ च्या मार्चमध्ये बासुदेव आचार्यांच्या समितीतले खासदार विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात आले. विषय होता जनुकीय बदल केलेली पिकं. बीटी कापसानं भरभराट झाली असं ज्या भागाबद्दल छापून आलं होतं, तिथंच जाऊन त्यांनी कापूस उत्पादकांना विचारलं, खरं काय? आत्महत्या झालेल्या घरांतल्या माणसांशी ते बोलले. या एका विषयावर समितीकडे ४६७ निवेदनं आली होती, त्यांतल्या कित्येकांवर शेकडो-हजारो सह्या. ५० व्यक्ती आणि संस्थांनी समोर बसून साक्ष दिली. त्या बोलण्याची शब्दशः नोंद ८६३ पानांची झाली. ९ ऑगस्ट २०१२ ला अहवाल संसदेत आला आणि त्यात सरकारला सांगितलं होतं की घाई करू नका. पुरेशी तपासणी आणि कडक नियमन उभं राहीपर्यंत अशा खाद्यपिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा. समितीत सत्तेतले होते, विरोधातले होते. अहवाल एकमतानं झाला. त्याच्या निष्कर्षांवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते असणारच. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं: मारेगावकडच्या एका कापूसवाल्याचं म्हणणं देशाच्या संसदेच्या कागदात गेलं.

उलटही घडतं, आणि ते सांगायलाच हवं. २०२० च्या सप्टेंबरात तीन कृषी विधेयकं संसदेनं मंजूर केली. ती कुठल्याही समितीकडे गेली नाहीत. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक समितीकडे पाठवा म्हणत होते, गोंधळात आवाजी मतदान झालं. पुढं दिल्लीच्या सीमांवर वर्षभर शेतकरी बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागं घ्यावे लागले. शेतमालाचे बाजार हा विषय या समितीला अपरिचित नव्हता. हुकूमदेव नारायण यादवांच्या समितीनं २०१९ च्या जानेवारीतच कृषी बाजार आणि आठवडी ग्रामीण बाजारांवर अख्खा अहवाल दिला होता. छोट्या शेतकऱ्याला बाजार समिती लांब पडते, त्याच्या जवळचा आठवडी बाजार सुधारा, असा त्याचा रोख होता. तयार माणसं, तयार अभ्यास, आणि विचारलं कुणी नाही. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या मोजणीप्रमाणं पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. दार बंद असण्यापेक्षा मला या आकड्याची चिंता जास्त वाटते.

आता त्या सकाळची गोष्ट पुरी करते. मावशींना मी चन्नींच्या समितीचं सांगितलं. २०२४ निवडणुकीचं साल, पूर्ण अर्थसंकल्प जुलैत आला, त्यामुळे अहवालही डिसेंबरात गेला. त्यात पीएम-किसानचे वर्षाचे ६ हजार १२ हजार करा, हमीभावाला कायद्याचा आधार द्या, दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पीकविमा द्या, अशा शिफारशी होत्या. आणि एक वेगळीच होती. खात्याचं नाव ‘कृषी व शेतकरी कल्याण’ आहे, त्यात ‘शेतमजूर’ हा शब्द घाला.

मावशींच्या नावावर सातबारा नाही. त्या मजुरीवर तोडणीला येतात. त्यांचा हात क्षणभर देठावर थांबला.

“आमचं नाव? म्हंजी तोडनीवाल्यांचं?”

“हो. मजुरीचा किमान दर ठरवायला आयोग नेमा, असंही लिहिलंय.”

“कुनी सांगितलं त्यास्नी?”

याचं उत्तर मला देता आलं नाही. कुणीतरी सांगितलं असणार. अशा गोष्टी आपोआप सुचत नाहीत. एखादा विषय हाती घेतला की समिती जाहीर निवेदन काढते आणि कुणाही नागरिकाकडून लेखी म्हणणं मागवते. साधारणपणे ते इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावं लागतं. तिथं मराठी चालली पाहिजे, तमिळ चालली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या शेताबद्दल बोलायचं त्याची भाषा त्या खोलीत गेली तर आतलं बोलणं आणखी खरं होईल.

हेही मी सांगितलं. तोवर ऊन वाफ्यांवर उतरलं होतं आणि बायका पाट्या घेऊन शेडकडे निघाल्या होत्या. शेडमध्ये मावशींची मुलगी पनेटच्या डब्यांत फळं भरत होती, मोठी खाली, देखणी वर, देठ सगळे एका अंगाला. बारावीला होती. मावशींनी तिला हाक मारली.

“ताई काय सांगत्यात त्यो पत्ता लिवून घे. आन तुला हिंदी येतंय न्हवं?”

तिनं कॅरेटवरचा पुठ्ठा ओढला, कानामागचा पेन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली: कृषी समिती, लोकसभा सचिवालय, नवी दिल्ली.

“पिनकोड?” तिनं विचारलं.